नववं रीळ

माणूस म्हातारा झाला की तो खरंच बोलत असणार, असं लोक धरून चालतात. मी एकोणऐंशीचा आहे आणि माझा स्वतःबद्दलचा अनुभव वेगळा आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. या गोष्टीत वाईट वागलेला माणूस मी आहे. बाकीचे नुसते हसले.

माझं नाव गहिनीनाथ. सोनईपासून दोन कोसांवर आमचं गाव. नागापूरच्या एमआयडीसीत तीस वर्षं वायरमनचं काम केलं, पण त्यासाठी गावात मला कुणी ओळखत नाही. गावाच्या लेखी मी अजूनही ऑपरेटर. विशीच्या आतबाहेर असताना मी कल्याणशेठच्या टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचो. जत्रा जिथं जाईल तिथं आमचा तंबू जायचा. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत लोक विड्या ओढायचे आणि मला शिव्या द्यायचे. त्या शिव्यांची मला सवय होती, किंबहुना आवडही होती.

आणि सिनेमातली इंदुप्रभा आमच्याच गावची. खरं नाव मनकर्णा. चौपन्न साली नदीवर बैलांच्या शर्यतीचं शूटिंग झालं, त्या गर्दीत ही सतरा वर्षांची पोर उभी होती. कॅमेरावाल्याला चेहरा आवडला. कंपनी कोल्हापूरला परतली तेव्हा ही त्यांच्याबरोबर गेली. तिच्या बापानं दुसऱ्या दिवशी गावादेखत नदीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. पोर मेली म्हणून सुतक पाळलं आणि विषय संपवला. चार वर्षांनी तिचा सिनेमा कल्याणशेठच्या तंबूत लागला तेव्हा मात्र सगळं गाव बघायला आलं. बाप सोडून.

दहा वर्षांत तिनं अकरा सिनेमे केले. तिचा एक डायलॉग तर असा गाजला की आज आमच्या गावच्या कमानीवर तो रंगवलेला आहे. "पाटील, या घराची समई मी आहे. विझवून तर बघा." शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी कुठली तरी मुलगी तो म्हणते. ग्रामसभेत भांडण झालं तरी कुणीतरी म्हणतोच. हा डायलॉग तिनं कधीच म्हटलेला नाही, हे मात्र गावात कुणाला माहीत नव्हतं.

मला तिनंच सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी ती गावात परत आली. कोल्हापूरची भाड्याची खोली सुटली होती, दुसरं कुणी उरलं नव्हतं. भावाचा मुलगा सुनील, त्यानं घरामागची, कांद्याच्या चाळीला लागून असलेली खोली तिला दिली. पहिल्या दिवशी मी भेटायला गेलो तर तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आपरेटर ना तू?" ती म्हणाली.

"व्हय, बाई."

"बस मंग."

तेव्हापासून रोज सकाळी मी तिच्याकडे जायचो. ती बाजेवर, मी खुर्चीत. कांद्याच्या वासात तिनं मला तिचा सगळा जन्म सांगितला.

पहिल्याच दिवशी सेटवर तिनं तोंड उघडलं आणि सगळे हसत सुटले, इतके की शॉट वाया गेला. चेहरा सरदार घराण्यातल्या सुनेचा आणि बोलणं 'हाय' आणि 'न्हाई'चं. डायरेक्टर म्हणाला, बाई, तू नुसते ओठ हलव, आवाज आपण मागून टाकू. त्यासाठी पुण्याची एक शिकलेली बाई ठेवली. ती कॅमेऱ्याशेजारी बसून वाक्य म्हणायची, मनकर्णानं तिच्या ओठांकडे बघायचं आणि हुबेहूब तसे ओठ हलवायचे. आवाज काढायचा नाही. "अकरा शिनेमे मी मुकी व्हते, आपरेटर," ती म्हणायची. "पन व्हट असे वाचायला शिकले का लांबून मानूस काय बोलतंय ते कळतंय मला." आता तिला ऐकू जवळजवळ येत नव्हतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारायचं म्हणून ती ते डब्यात ठेवायची आणि समोरच्याच्या ओठांवर भागवायची. त्यामुळे तिच्यासमोर पुटपुटायचीही सोय नव्हती.

तिचा स्वतःचा आवाज फक्त एकदा पडद्यावर आला. तो नायिका म्हणून केलेल्या शेवटच्या सिनेमात, 'बारवेकाठची सगुणा' त्याचं नाव. डायरेक्टर नवा होता, त्याच्या डोक्यात काही वेगळं होतं. नवव्या रिळात बाईचं लेकरू बारवेत बुडतं आणि ती बारवेच्या पायरीवर बसून पाण्याशी बोलते. नऊ मिनिटं. त्यानं तिला सांगितलं, तुझ्या आईला जसं बोलता आलं असतं तसं बोल. ती बोलली, आणि त्यानं तो आवाज तसाच ठेवला. हे लोकांना पटलं तर पुढचा सिनेमा अख्खा तुझ्या आवाजात करू, असं त्यानं तिला वचन दिलं होतं. गावच्या लोकांची भाषा आहे, तर गावच्या लोकांनाच आधी दाखवू म्हणाला, आणि पहिली प्रिंट आमच्या तंबूत धाडली. चौसष्ट सालची गोष्ट. आमच्याच गावची जत्रा.

आता माझं सांगतो. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि इंदुप्रभेवर मरत होतो. यात हसण्यासारखं काही नाही, सगळा तालुका मरत होता. पण माझं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून मी तिला पत्रं लिहायचो. चार लिहिली, खाली नावगाव घालून. चौथ्याला उत्तर म्हणून सहीचा फोटो आला होता, तो मी मशीनच्या आत चिकटवला होता.

त्या संध्याकाळी ती स्वतः कोल्हापूरहून मोटारीनं आली. बापानं दार उघडलं नाही. मग ती सरळ तंबूत आली आणि डोक्यावरून पदर घेऊन बायकांच्या बाजूला मागे बसली. कुणाला कळलं नाही. मला कल्याणशेठनं सांगितलं तेव्हा मी मशीनच्या आतला फोटो पुन्हा एकदा बघून घेतला.

आठ रिळं लोक गप्प बसून होते. नववं चढवलं. बाई बारवेच्या पायरीवर बसली आणि बोलायला लागली.

"आगं बारवं, सांज झाली. भाकर झाकून ठिवली हाय. येवडं पानी हाय तुझ्यापाशी, माझं लेकरू घिऊन तुला काय करायचं हाय?"

तंबूत आधी कुजबुज झाली. मग कुणीतरी ओरडलं, "आवाज बिघाडला रं!" मग सगळेच. "आपरेटर, झोपला का?" "हा आवाज तिचा न्हाई!" कुणी चप्पल फेकली, ती पडद्यावर बाईच्या तोंडावर बसली. लोकांचं म्हणणं त्यांच्या परीनं बरोबर होतं. सहा वर्षं ज्या आवाजाला ते तिचा आवाज समजत होते, तो हा नव्हता. हा आवाज त्यांच्या घरातला होता, आणि घरातल्या आवाजासाठी कुणी तिकीट काढत नाही.

मशीन बिघडलेलं नाही हे तंबूत फक्त मला माहीत होतं. आणि तिला. मी आवाजाचं बटण खाली केलं. शेजारी ग्रामोफोन होता, त्यावर तिच्याच जुन्या सिनेमातलं गाणं लावलं. लोक शांत झाले. पडद्यावर ती लेकराला हाका मारत होती आणि भोंग्यातून गाणं वाजत होतं, आणि बायका पदरानं डोळे पुसत होत्या. रीळ संपेपर्यंत मी मागे वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणशेठ म्हणाला, कंपनीला पत्र लिही, रीळ बदलून मागव. तो एवढंच म्हणाला होता. मी लिहिलं, नवव्या रिळात मशीनचा आवाज बिघडलेला आहे, प्रेक्षक खवळतात. आणि माझ्या मनानं पुढे लिहिलं की हा आवाज बाईंना शोभत नाही, त्यांचा नेहमीचाच आवाज घालावा, अशी सर्व गावकऱ्यांची विनंती आहे. गावकऱ्यांनी अशी विनंती केली नव्हती. ती माझी होती. माझी आई असंच बोलायची. दिवसभर शेण काढत, मला हाका मारत, याच शब्दांत. माझ्या मशीनमध्ये चिकटवलेल्या बाईनं माझ्या आईसारखं बोलावं हे मला सहन झालं नाही. मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी मी तिचा गळा दाबला. खाली सही शेठची होती.

तीन आठवड्यांत नवं रीळ आलं. तीच बारव, तेच रडणं, आवाज पुण्याच्या बाईचा. सिनेमा चालला. वचन दिलेला सिनेमा मात्र कधी निघाला नाही. गावच्या लोकांनाच नको आहे म्हटल्यावर त्या डायरेक्टरला कोण उभं करणार? मनकर्णाला मग पुढे आईची कामं मिळाली, मग गर्दीतली, मग तीही नाहीत. चाळीस वर्षं तिनं कोल्हापुरात दुसऱ्या नट्यांच्या वेण्या घातल्या.

जुनं रीळ परत पाठवायचं होतं. मी पाठवलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. गव्हाच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात, साठ वर्षं तो डबा राहिला. बायकोनं विचारलं तेव्हा म्हणालो, कामाचं आहे.

गेल्या वर्षी पुण्याहून निकिता नावाची मुलगी आली. जुन्या सिनेमांवर अभ्यास करणारी, हुशार, उन्हातान्हात फिरणारी. तिनं मनकर्णाला गाठलं, मनकर्णानं तिला नवव्या रिळाचं सांगितलं. "जळलं आसंल कवाच," असंही म्हणाली. मी खुर्चीत बसून होतो. चौदा वर्षं गप्प राहिलेला माणूस त्या दिवशी का बोलला कुणास ठाऊक. म्हणालो, "माझ्याकडं हाय."

मनकर्णानं माझे ओठ वाचले. बाजेची कड हातानं घट्ट धरून बसली.

निकितानं रीळ नेलं, महिनाभर खपून साफ केलं आणि पेनड्राइव्हवर घालून आणलं. "काका, आवाज स्वच्छ आहे," ती म्हणाली. "इतकं खरं मी कधी ऐकलं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मनकर्णाला ऐकू येणार नव्हतं, मोबाईल कानाला लावूनही नाही. तिनं चित्र बघितलं आणि पडद्यावर बोट ठेवून मला म्हणाली, "आपरेटर, मला आता कशाला ऐकायचंय? मला म्हाईत हाय मी काय बोलले ते. गावानं ऐकावं एकदा. मग सरनावर गेले तरी चालंल."

एवढीच तिची मागणी होती. मी आबासाहेबांकडे गेलो. आबासाहेब आमचे पुढारी, कमानीवर डायलॉग रंगवून घेणारे तेच. त्यांना कार्यक्रमाचं निमित्त हवंच असतं. मंगल कार्यालय ठरलं, दुपारी तीनची वेळ, मोठा एलईडी पडदा, शाल, श्रीफळ, पाचशे खुर्च्या. निकिताला त्या दिवशी परीक्षेमुळे येता आलं नाही.

सुनीलनं बाईला जीपमधून आणलं. स्टेजवर खुर्ची मांडली होती, पडद्याकडे तोंड करून. ती बसेना.

"फिरव खुर्ची," ती मला म्हणाली. "पडदा मी बघितलाय. मला मानसं बघायचीत."

मी खुर्ची फिरवली. ती पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसली. मी तिच्या शेजारी. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, नऊवारी नेसलेली, दोन्ही हात मांडीवर. परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या पोरीसारखी ती बसली होती, आणि मला तेव्हाच तिथून उठून जावंसं वाटलं.

आबासाहेबांनी भाषण केलं. गावचं नाव उज्ज्वल केलं वगैरे. पण रिळाची हकीकत त्यांनी सांगितलीच नाही. मी लिहून दिली होती, त्यांनी कागद खिशातून काढलाच नाही. म्हणाले, आता बाईंचा एक दुर्मिळ सीन बघू. आणि पडदा सुरू झाला.

बारव दिसली. पायरीवर ती बसली. सत्तावीस वर्षांची, उजेडानं भरलेला चेहरा. आणि बोलली.

"आगं बारवं, सांज झाली. भाकर झाकून ठिवली हाय."

मग मागच्या रांगेत एक जण फिसकन हसला. मग दुसरा. मला आधी कळेना. मग कळलं. हल्ली पोरं मोबाईलवर काय करतात, तर जुन्या सिनेमांचे सीन घेतात आणि त्यावर गावठी बोलणं टाकतात. राजाराणीच्या तोंडी 'काय म्हनतो राव' घालतात. विनोद म्हणून. गावात घरोघरी ते बघतात, मीही बघितलेत. लोकांना वाटलं हा तसलाच प्रकार आहे. कुणीतरी बाईच्या सीनवर गंमत केली आहे.

सगळा हॉल हसायला लागला. वाईट मनानं नाही, हे मी लिहून ठेवतो. पोट धरून, एकमेकांना टाळ्या देत, अगदी आनंदानं. "माझं लेकरू घिऊन तुला काय करायचं हाय?" या वाक्याला सर्वांत मोठा हशा पडला. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. पुढच्या रांगेतल्या शिक्षिका हसत होत्या. आबासाहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "कुनी बनिवलं राव हे? लई भारी." मी म्हणालो, बनवलेलं नाही, खरं आहे. माझा आवाज त्या हशात त्यांना ऐकू आला नाही. त्यांनी मान डोलावली आणि तेही हसले.

मनकर्णा बघत होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकेक चेहरा. तिच्यापाठीमागे तीच रडत होती, आणि समोर पाचशे माणसं दात दाखवत होती. तिसऱ्या रांगेतली एक बाई शेजारणीला काहीतरी म्हणाली. मनकर्णानं तिच्या ओठांवर नजर लावली.

"आवाज कुनाचा टाकलाय, इचारतीय ती," ती मला म्हणाली. मग माझी बाही धरली. "का हसत्यात रं?"

मला सांगता आलं असतं. खरं काय ते. त्यांना वाटतंय कुणीतरी थट्टा केली आहे, बाई, तुमचा आवाज त्यांना थट्टा वाटतोय. नाहीतर उठून माईक हातात घेता आला असता. पण मी तिच्याकडे वळलो आणि ओठ नीट हलवत म्हणालो, "मशीन बिघडलंय, बाई."

तिनं बाही सोडली.

"पत्रातबी हेच लिवलं हुतंस," ती म्हणाली.

मी खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"डायरेक्टरनं मला दाखिवलं हुतं. तुज्या गावचं हाय म्हनला, वाच. तुजी चार पत्रं हुती की माज्याकडं. शिनेमा बघून झोप लागत न्हाई, आसलं कायबाय. अक्षर वळखायला येळ लागला न्हाई." हे सगळं तिनं अगदी सपाट आवाजात सांगितलं, समोर बघत. चौदा वर्षं रोज सकाळी ती मला चहा पाजत होती. माझ्यापुढे कशी बसत असेल, याचा मी त्यानंतर पुष्कळ विचार केला. तिला माझ्याशिवाय दुसरं ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच असेल.

पडद्यावरचं चित्र संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. आबासाहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि लोकांकडे बघून म्हणाले, "झाली गंमत. आता बाईंच्या खऱ्या आवाजात तो डायलॉग होऊन जाऊ द्या." लोकांनी शिट्ट्या मारल्या. माईक तिच्या हातात दिला.

ती उठली. मी आधार द्यायला हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. माईक तोंडाजवळ नेला. तिची मान ताठ झाली, डावी भुवई वर गेली, आणि मी डोळ्यांनी बघितलं, ती इंदुप्रभा झाली. तिचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

एलईडीवाला पोरगा पळत आला, माईकवर टकटक केली. माईक चालू होता. तिनं पुन्हा सुरुवात केली. 'पाटील', ओठ सांगत होते. 'या घराची'. एकेक अक्षर स्वच्छ, पुण्याच्या बाईनं शिकवलं तसं. घशातून मात्र काही नाही. लोकांना वाटलं म्हातारीला गहिवरून आलं. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी तिच्या वतीनं वाक्य उचललं, त्याच्या मागून दुसऱ्यानं, आणि बघता बघता पाचशे माणसं एका सुरात म्हणायला लागली. ती ओठ हलवत होती आणि हॉल बोलत होता. पाटील, या घराची समई मी आहे.

म्हणताना ती लोकांकडे बघत नव्हती. वळून माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे. विझवून तर बघा, असं मीही म्हणत होतो.